संथागाराबाहेरचा माणूस : राहुल सांकृत्यायन यांच्या कादंबऱ्यांतील इतिहास आणि राष्ट्र

महाराष्ट्रातील बहुतेक बुद्ध विहारांच्या ग्रंथालयात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या शेजारी एक पुस्तक हमखास आढळते, ते म्हणजे महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे 'व्होल्गा ते गंगा'. त्याची पाने बहुधा सुटलेली असतात, कारण ते पुष्कळ वाचले गेलेले असते. आमच्या पिढीतील कितीतरी कार्यकर्त्यांना इतिहासाची गोडी प्रथम याच पुस्तकाने लावली. तथापि गोडी लावणे वेगळे आणि प्रमाण ठरणे वेगळे. व्याख्यानांतून, अभ्यासवर्गांतून राहुलजींच्या कथेतील प्रसंग 'प्राचीन काळी असे होते' म्हणून सांगितला जातो, तेव्हा कादंबरीकाराने रचलेला भूतकाळ आणि पाली वाङ्मयाने नोंदविलेला भूतकाळ यांतील सीमारेषा पुसली जाते. ही सीमारेषा पुन्हा आखून पाहावी आणि राहुलजींनी आपल्या कथा-कादंबऱ्यांतून राष्ट्राची जी कल्पना मांडली तिच्यात कोणाला स्थान मिळाले व कोण बाहेर राहिले, याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राहुलजींचा अधिकार वादातीत आहे. ९ एप्रिल १८९३ रोजी आझमगड जिल्ह्यातील पंदहा या गावी एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला केदारनाथ पांडे वैष्णव साधू झाला, आर्यसमाजी झाला, श्रीलंकेतील केलनिया येथील विद्यालंकार परिवेणात पाली शिकला आणि १९३० साली भिक्खू होऊन 'राहुल' झाला. तिबेटच्या चार यात्रांतून त्यांनी भारतात नष्ट झालेल्या बौद्ध न्यायग्रंथांची हस्तलिखिते शोधून काढली. मज्झिमनिकाय आणि विनयपिटक हिंदीत आणले. भदंत जगदीश काश्यप यांच्यासमवेत दीघनिकायाचा अनुवाद केला. पुढे चीवर सोडून ते शेतकरी चळवळीत आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. 'व्होल्गा से गंगा' या वीस कथा त्यांनी १९४२ साली हजारीबागच्या तुरुंगात लिहिल्या. 'सिंह सेनापति' आणि 'जय यौधेय' या कादंबऱ्याही त्याच दशकातील. म्हणजे ज्या काळात देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता आणि 'आम्ही कोण' हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता, त्याच काळात ही निर्मिती झाली.

या प्रश्नाला तत्कालीन ऐतिहासिक कादंबरी बहुधा एकच उत्तर देत असे. मराठीत हरिभाऊ आपट्यांपासून चालत आलेल्या परंपरेत राष्ट्र म्हणजे राजा, त्याची तलवार आणि त्याचे राज्य. हिंदी-बंगालीतही चित्र फारसे वेगळे नव्हते. इतिहासकारांपैकी अनेकांनी गुप्त साम्राज्याला 'सुवर्णयुग' म्हटले, आणि कादंबरीकारांनी त्या सुवर्णाला झळाळी दिली. राहुलजींनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या दृष्टीने राष्ट्राचे पूर्वज साम्राज्यात नव्हे, गणराज्यांत शोधावे लागतात. वैशालीचे लिच्छवी, कुशिनारा-पावेचे मल्ल, सतलज-यमुनेच्या दरम्यानचे यौधेय हे त्यांचे नायक. मगधाचा बिंबिसार आणि गुप्तांचा विक्रमादित्य हे त्या स्वातंत्र्यावर चालून येणारे. हे उलटे करणे साधे नव्हे. पाली वाङ्मयाचा आधार नसता तर ते शक्यच झाले नसते, कारण वैशालीच्या संथागाराचे जिवंत वर्णन आपल्याला मिळते ते त्रिपिटकातच.

'सिंह सेनापति' या कादंबरीचे बीज विनयपिटकाच्या महावग्गात, भेसज्जक्खंधकात आहे. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातातही तेच कथानक येते. लिच्छवी संथागारात जमलेले आहेत आणि बुद्ध, धम्म व संघ यांची स्तुती करीत आहेत. निगंठांचा उपासक असलेला सिंह सेनापती ती ऐकतो. निगंठ नातपुत्त त्याला जाऊ नकोस म्हणून परावृत्त करतात. अखेर तो स्वतःच्या विचाराने जातो, प्रश्न विचारतो आणि उपासक होतो. तेव्हा तथागत त्याला जे सांगतात ते आमच्या मते या कथेचे मर्म आहे. आपल्यासारख्या प्रसिद्ध माणसाने नीट विचार करूनच निर्णय घ्यावा, असे ते म्हणतात. आणि आजवर निगंठांना तुझ्या घरी दान मिळत आले आहे, ते यापुढेही मिळावे, असेही सांगतात. पुढे भोजनातील मांसावरून निगंठ वैशालीच्या रस्त्यारस्त्यांतून सिंहावर आरोप करीत फिरतात आणि त्यातून भिक्खूंसाठी मांसासंबंधीचा नियम होतो. पालीतील सिंहाची कथा एवढीच. त्यात एकही लढाई नाही.

राहुलजींनी या बीजाचा वृक्ष केला. कोरलेल्या विटा सापडल्या आणि त्यांवरील मजकुराचा हा अनुवाद आहे, अशा युक्तीने कादंबरी सुरू होते. त्यांचा सिंह तक्षशिलेला शिकायला जातो, गांधारांच्या बाजूने पारसिकांशी लढतो, गांधारकन्या रोहिणीशी विवाह करतो आणि वैशालीस परतून मगधाच्या सैन्याला हरवतो. यांपैकी काहीही सिंहाविषयी पालीत आलेले नाही. तक्षशिलेत शिकलेला लिच्छवी धम्मपदट्ठकथेत आहे खरा, परंतु तो महाली. कोसलचा पसेनदी आणि मल्ल बंधुल हे त्याचे सहाध्यायी. कादंबरीकाराला असे स्वातंत्र्य असतेच, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बदल कोणत्या दिशेने झाला हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. पालीतील सिंह विचार करून मत बदलणारा नागरिक आहे. राहुलजींचा सिंह प्रथम योद्धा आहे. साम्राज्याची तलवार त्यांनी गणराज्याच्या हाती दिली. हात बदलला, राष्ट्र तलवारीने सिद्ध होते ही समजूत मात्र फारशी बदलली नाही.

'जय यौधेय' मध्ये हाच संघर्ष गुप्तकाळात घडतो. यौधेय हे काल्पनिक नाहीत. गणाचा जय असो अशा अर्थाचा लेख असलेली त्यांची नाणी उपलब्ध आहेत, आणि समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात त्याची आज्ञा मानणाऱ्या गणांमध्ये त्यांचे नाव येते. त्या प्रशस्तीत यौधेय म्हणजे एका यादीतील एक शब्द. राहुलजींनी त्या शब्दाला वाचा दिली. 'व्होल्गा ते गंगा' मधील 'सुपर्ण यौधेय' या कथेत तर कालिदासासारखा कवीही राजस्तुतीच्या संदर्भात तपासला जातो. सुवर्णयुगाचे सुवर्ण कोणाच्या घरून आले, असा प्रश्न हिंदी कथेत इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल. ज्या समाजाला त्या सुवर्णयुगात गावाबाहेर राहावे लागले, त्या समाजाने या धैर्याबद्दल राहुलजींचे ऋण मानलेच पाहिजे. फाहियान हा चिनी भिक्खू याच गुप्तकाळात भारतात आला होता. नगरात वा बाजारात शिरताना चांडाळांना काठी वाजवून आपली चाहूल द्यावी लागत असे, ही नोंद त्याचीच आहे.

राहुलजींच्या राष्ट्रकल्पनेतील दुसरा मोठा गुण म्हणजे तिच्यात रक्तशुद्धीला थारा नाही. 'व्होल्गा ते गंगा' हे नावच पाहावे. ज्या नदीला राष्ट्राची माता म्हटले जाते, तिच्या काठी पोचलेली माणसे दूरच्या, परक्या नदीकाठून निघाली होती, असे ते नाव सांगते. या आरंभीच्या कथांतील वंशविषयक गृहीतांबद्दल मतभेद असू शकतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' या १९४६ च्या ग्रंथात आर्यवंशाचा व आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त नाकारला होता, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. पण 'प्रभा' या कथेत साकेतचा अश्वघोष आणि यवनकन्या प्रभा यांचे प्रेम आपण वाचतो, तेव्हा 'बुद्धचरित' लिहिणाऱ्या महाकवीच्या घडणीत यवनांचाही वाटा होता, हे लेखकाचे म्हणणे मनाला भिडते. मिलिंद राजाचे प्रश्न ज्या परंपरेने आदराने जपले, त्या परंपरेला हे म्हणणे परके वाटू नये.

येथपर्यंत आम्ही राहुलजींच्या बाजूने आहोत. आता आमची अडचण सांगतो.

गणराज्य म्हणजे लोकशाही, असे राहुलजींच्या वाचकाच्या मनात ठसते. परंतु पाली वाङ्मयाचे साक्षीपुरावे या समजुतीला जागोजागी छेद देतात. जातकट्ठकथेतील भद्दसालजातकाची प्रस्तावनाकथा घ्या. वैशालीत लिच्छवी राजकुळांच्या अभिषेकाची एक पुष्करिणी होती. तिच्या आत-बाहेर कडक पहारा असे आणि वर लोखंडी जाळे पसरलेले होते. पक्ष्यालाही आत शिरता येत नसे. बंधुल मल्लाची पत्नी मल्लिका हिला त्या पाण्यात स्नान करण्याचे डोहाळे लागले, तेव्हा बंधुलाने पहारेकऱ्यांना हुसकून, जाळे तोडून तिला स्नान घातले. आणि त्यावरून लिच्छवी त्याचा पाठलाग करीत निघाले. अट्ठकथेच्या आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण तिच्या मते वैशालीत ७७०७ राजे होते. राजे पुष्कळ होते हे खरे. पाणी मात्र त्यांचेच होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो समाज चालत गेला, त्याच्या वारसांनी ही कथा वाचताना स्वतःला कोठे उभे करावे? पुष्करिणीत उतरणाऱ्या लिच्छवींमध्ये, की जाळ्याबाहेर?

त्याच प्रस्तावनाकथेत शाक्यांची गोष्ट आहे. शाक्यांनी महानामाची दासीपासून झालेली कन्या वासभखत्तिया पसेनदी राजाला शाक्यकन्या म्हणून दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला आणि परत गेला. तो ज्या आसनावर बसला होता ते दासीकरवी दुधापाण्याने धुण्यात आले. ते विडूडभाच्या कानी गेले आणि शाक्यांच्या संहाराचे कारण झाले. हे धुणे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ते धुतले एका गणराज्याच्या संथागारात.

राहुलजींना दास दिसत नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. ते मार्क्सवादी होते आणि दासप्रथेविषयीची त्यांची चीड त्यांच्या लेखनात ठायी ठायी दिसते. प्रश्न दृष्टीचा नाही, निवेदनाच्या जागेचा आहे. सिंह असो, जय असो, सुपर्ण असो, त्यांचा नायक हा गणपुत्र आहे. तो दासांविषयी कळवळतो, पण संथागारात बसून. 'व्होल्गा ते गंगा' या आठ हजार वर्षांच्या पटावर अस्पृश्य समाजातील तरुण नायक म्हणून बोलू लागतो तो थेट विसाव्या कथेत, १९४२ च्या 'सुमेर' मध्ये. तोवर तो कोठे होता? कथा त्याच्या शेतावरून, त्याच्या वस्तीवरून गेली असेल, पण ती त्याच्या तोंडून सांगितली गेली नाही. अंबपालीचेही तसेच. वैशालीच्या संथागारात गणिकेला मत नव्हते. परंतु महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी तिचे भोजनाचे निमंत्रण आधी स्वीकारले, आणि लक्ष मुद्रा देऊनही लिच्छवींना ते तिच्याकडून घेता आले नाही. वैशालीच्या इतिहासातील समतेचा हा प्रसंग रणांगणावर नव्हे, आंब्याच्या बागेत घडला.

आता याच संथागाराचे दुसरे चित्र पाहावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेबांनीही गणराज्याचे सभागृह रेखाटले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो. शाक्य संघाचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, मतदान होते, आणि प्रचंड बहुमताने युद्धाचा निर्णय होतो. सैन्यभरतीला नकार देणाऱ्या सिद्धार्थाला त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची व जमिनी जप्त करण्याची धमकी दिली जाते. आणि तो परिव्राजक होऊन निघून जातो. राहुलजींचे संथागार युद्धाला निघते आणि जिंकते. बाबासाहेबांचे संथागार युद्धाला निघते, आणि त्यातील सर्वांत श्रेष्ठ माणूस त्यातून बाहेर पडतो. एका लेखकाने गणराज्याची परीक्षा त्याच्या शत्रूवरून केली, दुसऱ्याने त्यातील एकट्या विरोधकाला मिळालेल्या वागणुकीवरून. दोघांच्याही हाती सामग्री जवळपास तीच होती. बहिष्कार हा शब्द मात्र एकानेच जगून पाहिला होता.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतात एकेकाळी गणराज्ये होती हे सांगितले, आणि पुरावा म्हणून भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीकडे बोट दाखविले. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते. विनयाच्या अभ्यासकाला ञत्ति, कम्मवाचा, गणपूरक, सलाका हे शब्द नित्याचे आहेत. ही पद्धती तथागतांनी तत्कालीन राजकीय सभांवरून घेतली असावी, असेही बाबासाहेबांनी नमूद केले. पण त्याच भाषणात त्यांनी पुढचा इशाराही दिला, की राजकीय समतेखाली सामाजिक विषमता तशीच राहिली, तर लोकशाहीचा हा डोलारा धोक्यात येईल. वैशालीचेही तेच झाले. दीघनिकायाच्या अट्ठकथेनुसार वस्सकार ब्राह्मणाने लिच्छवींमध्ये फूट पाडली आणि अजातशत्रूची चाल आली. त्या वेळी भेरी वाजली तरी कोणी जमेना. जे समर्थ आहेत, जे शूर आहेत त्यांनी जमावे, असे म्हणून बाकीचे घरी बसले. गणराज्य पडले ते शत्रूच्या बळाने जितके, तितकेच आतल्या भेदाने.

गणाची पद्धती संघाने घेतली, परंतु गणाची कुळाची अट घेतली नाही, हा फरक राहुलजींच्या कादंबऱ्यांत झाकोळून जातो. चुल्लवग्गात शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी येतात तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी असतो. आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरावा म्हणून याला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्ही याला वंदन करू, अशी विनंती ते स्वतः करतात. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन उपालीने केले. संघाचा कायदा एका न्हाव्याच्या मुखाने निश्चित झाला, ही या देशाच्या इतिहासातील सामान्य घटना नव्हे. अर्थात येथे आम्ही आमच्याच परंपरेला सूट देऊ इच्छित नाही. याच विनयात दासाला आणि ऋणी माणसाला प्रव्रज्या देऊ नये असेही नियम आहेत, आणि भिक्खुनींवर आठ गरुधम्म लादलेले आहेत. जुने ग्रंथ आपल्याला अभिमान देतात तसा विचारही करायला लावतात; दोन्ही घेतले पाहिजेत.

राहुलजींच्या राष्ट्रकल्पनेतील ही फट पुढे त्यांच्या सार्वजनिक जीवनातही दिसून आली. डिसेंबर १९४७ मध्ये मुंबईत भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी नागरी लिपीतील हिंदीचा राष्ट्रभाषा म्हणून आग्रह धरला आणि भारतातील मुसलमानांनी येथील संस्कृतीशी एकरूप व्हावे, असे मांडले. त्यावरून त्यांना कम्युनिस्ट पक्षाबाहेर जावे लागले. पुढे १९५५ साली ते पुन्हा पक्षात आले. देश नुकताच फाटला होता, जखमा ताज्या होत्या, हे ध्यानात घेऊनही आम्हास वाटते की यवनकन्या प्रभेला साकेतची मानणाऱ्या लेखकाकडून वेगळी अपेक्षा होती. प्रभेला कोणी आधी एकरूप हो असे म्हटले नव्हते. संथागार कितीही मोठे केले, तरी आत येण्याची अट जुने सभासदच ठरवीत असतील तर जाळे तसेच राहते.

मग राहुलजींना वाचू नये काय? अवश्य वाचावे. १४ एप्रिल १९६३ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. आपण ज्या दिवशी बाबासाहेबांची जयंती साजरी करतो, तोच हा दिवस. त्या दिवशी एखाद्या विहारात त्यांचेही स्मरण झाले तर ते उचितच ठरेल. साम्राज्यांच्या जयघोषात दबलेला गणराज्यांचा आवाज त्यांनी ऐकविला, आणि पाली ग्रंथ हा भारतीय इतिहासाचा केवळ धार्मिक नव्हे तर राजकीय आधार आहे, हे सामान्य वाचकापर्यंत पोचविले. आमची विनंती एवढीच, की 'सिंह सेनापति' वाचून झाल्यावर महावग्गातील सिंहाची मूळ कथाही वाचावी. तिचा हिंदी अनुवाद राहुलजींनीच केला आहे. दोन्ही समोर ठेवून अभ्यासवर्गात प्रश्न विचारावा, की आपल्याला कोणता सिंह हवा. लढाई जिंकून आलेला, की विचार करून मत बदललेला आणि मत बदलल्यावरही आधीच्या गुरूंना दारातून विन्मुख न पाठविणारा?

आपल्या पूर्वजांची गणराज्ये होती, असे म्हणताना छाती फुगते, आणि ते स्वाभाविक आहे. पण आपले पूर्वज त्या संथागारात बसले होते की पुष्करिणीच्या जाळ्याबाहेर उभे होते, हे निश्चित सांगणारा शिलालेख कोणाजवळही नाही. तेव्हा वारसा रक्ताने सांगण्यापेक्षा निवडून घ्यावा, हे बरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी माणसांनी वारसा निवडून घेतला, तो लिच्छवींच्या पुष्करिणीचा नव्हे. तो उपालीला आधी वंदन करणाऱ्या संघाचा होता.